चतुराबाईचा पाय

साहेबराव आणि मी साखर कारखान्याच्या गोदामात एकाच टोळीत हमाल होतो. मी मुकादम. तो टोळीतला सगळ्यात नीट उचलणारा. शंभर किलोचं पोतं पाठीवर दिसतं, पण पेलायचं मांडीवर असतं. हे त्याला शिकवावं लागलं नाही. श्वास धरून पोतं घ्यायचा, पाऊल छोटं टाकायचा आणि थप्पीवर आवाज न करता ठेवायचा.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याची पाठ धरली, ती घरच्या अंगणात पाण्याची बादली उचलताना. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणके थोडे झिजलेत, या वयात सगळ्यांचेच झिजतात, आठवडाभर आराम करा आणि मग हिंडायला लागा, असं त्यांनी सांगितलं. मी सोबत होतो. साहेबरावानं त्यातलं 'झिजलेत' एवढंच घरी आणलं. ट्रॅक्टरचं बेअरिंग झिजल्यावर पुढं काय होतं, ते त्यानं पाहिलेलं होतं. तो बाजेवर आडवा झाला. पावसाळा सरला तरी बाजेवरच. मांड्या वाळल्या.

उसण भरली की आमच्याकडे पायाळू शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याचा पाय पाठीला लागला की उसण निघते, असं मानतात. गावात पायाळू एकच, साहेबरावाची बायको चतुराबाई. सकाळी काटेवाडीपासून लोक यायचे. ओसरीवर पालथे पडायचे. ती भिंत धरून पाठीला टाच लावायची. झुंबर गाडीवान वाकडा आला आणि बैलांना शिव्या देत सरळ गेला. साहेबराव आतल्या खोलीतून हे सगळं ऐकायचा.

तिच्या पायावर त्याच्याइतका विश्वास कुणाचा नव्हता. पण बायकोनं नवऱ्याला पाय लावायचा कसा? चुकून लागला तरी ती वाकून नमस्कार करायची. लोणी देवकरला दुसरा पायाळू सापडला. ट्रॉलीत गादी टाकून मी साहेबरावाला तिकडं नेलं. काही उपयोग झाला नाही. हा पाय आपल्या घरातल्यासारखा नाही, असं तो येताना म्हणाला.

गाळप तोंडावर आलं. टोळीत जागा मोकळी ठेवता येत नाही, तिचा भार बाकीच्यांवर येतो. बॉयलर पेटेल त्या दिवशी उभा नसलास तर जागा जाईल, हे सांगायला मी गेलो. साहेबराव बायकोला म्हणाला, "दार लाव. टेकव पाय."

"पाप लागंल."

"लागू दे. टेकव."

मी अंगणात थांबलो. थोड्या वेळानं दार उघडलं आणि तो कशालाही न धरता चालत बाहेर आला. वाटेत भरलेली बादली होती. ती त्यानं उचलून बाजूला ठेवली. गुडघ्यातून वाकला, पोत्याला वाकायचा तसा. त्याचं त्यालाही कळलं नाही.

मागून चतुराबाई आली आणि सवयीनं त्याच्या पायावर डोकं टेकवलं.

तो जागीच थांबला. "काय केलंस?"

"पाय लागला न्हवं तुमास्नी."

"मग फिटलं की. दिल्यालं काढून घेतलंस."

हात कमरेवर गेला. तोंडावर घाम आला. ते सोंग नव्हतं. भाराखालची तोंडं मी आयुष्यभर पाहिली आहेत. आम्ही दोघांनी धरून त्याला बाजेवर नेलं.

मी त्याला बादलीचं सांगितलं. तो म्हणाला, "तवा पाय लागल्याला हुता, तात्या."

त्यानं पुन्हा पाय मागितला, पण नमस्कार करायचा नाही, या अटीवर. चतुराबाईला ते जमेना. तेवढं सोडून काय बी सांगा, म्हणाली. नमस्कारावाचून ती पाय लावीना, आणि नमस्काराचा पाय त्याला चालेना.

बॉयलर पेटला. त्याच्या जागी मी सिद्धूला घेतलं. सकाळच्या पाळीला जाताना त्यांच्या ओसरीवर पाठ धरलेली माणसं बसलेली दिसायची. आत बाज करकरायची.