ऑपरेटरची चूक

डिप्लोमा झाल्यावर भिवंडीतल्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये मला नोकरी लागली ती ओळखीने. ओळख आमच्याच गावातल्या एका काकांची. दिघाशीच्या बाजूला आमचं गाव, आणि बौद्धवाड्यात त्यांचं घर आमच्यापासून तिसरं. ते त्या कंपनीत कित्येक वर्षं हायड्रोवर ऑपरेटर होते. हायड्रो म्हणजे रंगवून धुतलेलं ओलं कापड गरगर फिरवून त्यातलं पाणी काढणारं भलंमोठं पिंप. काकांनी मॅनेजरला सांगितलं होतं, "आमचा पोऱ्या हाय, शिकलेला हाय, घेऊन तर बघा." मॅनेजरने घेतलं.

कंपनीत मात्र मी त्यांना काका म्हणत नसे. नुसतं "ओ" म्हणायचो. मेंटेनन्सचा सुपरवायझर झाल्यावर तर त्यांच्याशी गावच्या बोलीत बोलणंही सोडलं. ते "बाला" म्हणून हाक मारायचे तेव्हा आजूबाजूला कोण आहे ते मी आधी बघायचो.

नव्वद सालानंतर कधीतरी मालकांनी हायड्रोला नवा ड्राइव्ह घेतला. मोटरचा वेग हवा तसा कमीजास्त करणारं ते इलेक्ट्रॉनिक कपाट आमच्याकडे पहिलंच. तोवर फिरतं पिंप काका पायाच्या ब्रेकने थांबवत. आता नुसतं बटण दाबायचं. थांबताना भरलेलं पिंप उलट मोटरलाच फिरवतं, मोटर वीज तयार करते आणि ती वीज ड्राइव्हमध्ये परत शिरते. ती जिरवायला पॅनेलच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, लोखंडी जाळीची एक पेटी बसवली होती. तिच्यात मोठा रेझिस्टर. जादा वीज त्यात जाऊन उष्णता होऊन संपायची.

त्या पेटीच्या वायर मी स्वतः जोडल्या. ड्राइव्ह कंपनीचा इंजिनिअर जाताना म्हणाला, "आठवड्याने हे नटबोल्ट पुन्हा आवळा. तापून ढिले होतात." मी हो म्हटलं. आठवड्याने त्याचा छापील कागद आला, त्यात काम केल्याची खूण करायची होती. मी टेबलावर बसूनच खूण केली आणि सही ठोकली.

दोन-तीन महिन्यांनी ड्राइव्ह बंद पडायला लागला. डिस्प्लेवर जादा व्होल्टेजचा इशारा यायचा, पिंप मोकळं सुटायचं आणि आपोआप थांबेपर्यंत सगळे हात बांधून उभे. पुढे कापड अडायचं, मॅनेजर ओरडायचा. मी मल्टिमीटर घेऊन येणाऱ्या लाइनचं व्होल्टेज मोजत बसलो. आजूबाजूचे लूम बंद असले की लाइनचं व्होल्टेज चढतं, हे भिवंडीत सगळ्यांना माहीत. मला वाटलं, दोष तिथेच. पण लाइन ठीक असतानाही ड्राइव्ह बंद पडायचा.

काका दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी जवळ आले.

"बाला, चालू असताना न्हाय होत. थांबवाया घेतला की होतं. आन् पिंप भरलेला असला तर हमखास."

"बघतोय मी."

"आन् ही पेटी. पयले तापायची. मी डबा ठेवायचो हिच्यावर, जेवणापर्यंत गरम ऱ्हायचा. आता थंड ऱ्हाते."

तेवढ्यात मॅनेजर मागे येऊन उभा राहिला होता. मी नेमका तिथेच आवाज चढवला. "इलेक्ट्रिकच्या पेटीवर डबा ठेवता? ही काय चूल आहे? म्हणूनच होतंय हे सगळं!"

काका पिंपाकडे वळले. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. दोष कुठे आहे हे त्या माणसाने मला बोट ठेवून दाखवलं होतं, आणि मी त्यांच्या डब्याला धरून बसलो.

संध्याकाळी मॅनेजरने रिपोर्ट मागितला. मी इंग्रजीत लिहिला. ऑपरेटर बटण चुकीच्या वेळी दाबतो, पॅनेलच्या सामानावर वस्तू ठेवतो. कारण, ऑपरेटरची चूक. खाली नाव लिहायची जागा होती. तिथे काकांचं पूर्ण नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काकांना बॉयलरच्या कोळशावर पाठवलं. हायड्रोवर दुसरा माणूस आला. त्याच सकाळी मी ड्राइव्हमध्ये थांबण्याचा वेळ वाढवून ठेवला, म्हणजे पिंप सावकाश थांबेल. सावकाश थांबलं की वीज कमी परत येते. इशारा यायचा बंद झाला. सगळे म्हणाले, बघा, माणूस बदलला आणि मशीन सुधारली. एका दिवसात दोन गोष्टी बदलल्या हे मला एकट्याला माहीत होतं. मी गप्प राहिलो. खरं सांगायचं तर मीही त्यावर विश्वास ठेवला, कारण ते सोयीचं होतं.

पंधराएक दिवसांनी उत्पादनवाल्यांनी तक्रार केली की पिंप थांबायला फार वेळ लागतो. मी वेळ पुन्हा कमी केला. पहिल्याच भरलेल्या पिंपाला ड्राइव्ह बंद पडला. नवा ऑपरेटर घाबरून म्हणाला, "साहब, मैंने कुछ नहीं किया."

मी त्याला पिंप पुन्हा भरायला लावलं, पुन्हा थांबवायला सांगितलं आणि पेटीला हात लावला. थंडगार.

मेन स्विच पाडला. आतली साठलेली वीज उतरेपर्यंत थांबलो, मीटरने खात्री केली आणि पेटीचं झाकण काढलं. रेझिस्टर धडधाकट होता. वायरच्या टोकाची थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी, काळी पडून अर्धी जळली होती आणि वायर बोल्टपासून सुटून बाजूला लोंबत होती. बोल्ट बोटांनी फिरत होता. मी जोडलेला, मी न आवळलेला.

नवी थिंबल दाबून घट्ट जोडायला अर्धा तासही लागला नाही. पिंप झटक्यात थांबायला लागलं. मॅनेजर आला.

"क्या निकला?"

"वायर जली थी."

"डिब्बे की वजह से?"

मी म्हणालो, "हो सकता है."

हे तीन शब्द मी कोणाच्या धाकाने बोललो नाही. त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून सहज आले.

दुपारी कोळशाकडे गेलो. काका फावड्याने कोळसा ओढत होते. भुवया काळ्या झाल्या होत्या.

"गावला का दोष?" त्यांनीच विचारलं.

"हो. वायर सुटली होती."

"पेटीची?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "बरा झाला."

"मी मॅनेजरला सांगतो," मी म्हणालो.

"सांग."

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला. मग काकांनी काम सोडलं आणि राहनाळला एका गोडाउनमध्ये लागले. ते गेल्यावर मी मॅनेजरकडे जाऊन सगळं सांगितलं, न आवळलेल्या बोल्टापासून खोट्या खुणेपर्यंत. त्याने हातातली फाइल मिटली. "अब बोलके क्या फायदा?" म्हणाला आणि दुसऱ्या फाइलकडे वळला. मला शिक्षा झाली नाही. पुढच्या वर्षी बढती मिळाली.

नंतर गावात एका लग्नात काका भेटले. पाहुण्यांना हाताने ओढून माझ्याकडे आणत होते. "ह्यो आमचा पोऱ्या. कंपनीत मोठा सायब हाय. मीच चिकटवला." मी हसत होतो आणि आतून मेल्यासारखं होत होतं. पंगतीत त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा हळूच म्हणालो, "काका, त्या रिपोर्टात मी तुमचं नाव लिहिलं होतं."

"ठाव हाय मना," ते म्हणाले. "कोळशाव धाडला तवाच सायबानी वाचून दाखवला. विंग्रजीत व्हता, मंग हिंदीत समजवला."

म्हणजे कोळशापाशी मी उभा होतो तेव्हाही त्यांना सगळं माहीत होतं.

त्यांनी भातावर वरण घेतलं आणि माझ्या आईचे गुडघे आता कसे आहेत ते विचारलं. जरा बरे आहेत, म्हणालो. मग त्यांनी आणखी काहीबाही विचारलं, मी उत्तरं देत राहिलो. पंगत उठली, हात धुतले, लोक पांगले. माझं चुकलं, एवढं वाक्य तेव्हा म्हणता आलं असतं. ते मी त्या दिवशी म्हटलं नाही, आणि त्यानंतर काका होते तितक्या वर्षांतही नाही.