शिंगं बघून घेतलेली गाय

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन तर त्याहून वाईट. मी चौथीपर्यंतच शिकले. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. 'शिंग' लिहिताना वेलांटी कोणती द्यायची म्हणून आत्ताच दोनदा खोडलं. आणि इतकी वर्षं सुरतेत दुकानांच्या पाट्या वाचून सवय अशी झाली आहे, की अक्षरांवरची रेघ द्यायची राहून जाते. गुजरातीला ती नसते. हे पान कोणाच्या हाती पडलंच, तर त्याने सांभाळून घ्यावं. पोरीची वही अर्धी कोरी राहिली होती, म्हणून लिहिते आहे.

आम्ही तेव्हा कोसाडच्या बाजूला राहत होतो. आता तिथे नुसती घरं आहेत, पण त्या वर्षांत उसाची शेतं होती आणि कॅनाल होता. आमच्या खोलीमागे थोडी मोकळी जागा होती. आमचे हे अमरोलीला लूमच्या खात्यात कामाला होते. खातं म्हणजे जिथे लूम चालतात ते. मंदी आली आणि आठवड्यातून दोन-दोन दिवस लूम बंद राहायला लागले. मी घरी साड्यांना टिक्या लावायची, पण त्यात भाजीपुरतंच सुटायचं. तेव्हा गाय घ्यायचं ठरलं. गल्लीत दूध विकायचं.

पंधराशे आमच्याकडे होते. पाच हजार नणंदेने दिले. तिला मी आक्का म्हणायचे. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ते पैसे तिने तिच्या मुलीच्या लग्नासाठी साठवले होते. देताना तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "भाऊले नही, तुले देस मी. पोरनं लगीन निघनं की माले मन्हा पैसा पाहिजे. पुरा." मी मान हलवली. मला बोलायला आधीपासून जड जातं, आणि आक्कासमोर तर जीभ टाळ्यालाच चिकटायची. पण मान हलवली म्हणजे शब्द दिला, हे मला माहीत होतं.

माघ महिन्यात ओलपाडकडे वरच्या भागातले रबारी ढोरं घेऊन उतरले होते. हे तिकडे एकटेच गेले. संध्याकाळी परत आले ते गायीला दाव्याने धरून, चालत. सगळी गल्ली बाहेर आली. मी असं जनावर आमच्या खानदेशात पाहिलं नव्हतं. उंच, रुप्यासारखं करडं अंग, लांब लोंबते कान, आणि शिंगं एवढी मोठी आणि बाकदार की दारातून आत यायला तिला मान वाकडी करावी लागली. कांकरेज जातीची, म्हणाले.

यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "पाय देख, पाय," असं सगळ्यांना सांगत होते. "खूर देख कसा शे, काया अन् कठीन. छाती देख. चालनी तं पाठ हालत नही."

आक्का कमरेवर हात ठेवून गायीभोवती एक फेरी मारून आली. मग खाली वाकून तिने सड बघितले, कास बघितली.

"भाऊ, हाई गाय शे का बैल शे रे?"

"गाय शे. गाभण शे. महिनाभरात व्यानार."

"मंग तू खूर काब देखी ऱ्हायना? शिंगेसमाईन दूध काढशी का?"

गल्लीतल्या बाया हसल्या. आणि मला एकदम कळलं काय झालं ते. यांचे वडील बैलजोड्या पारखायचे. त्यांच्याबरोबर बाजार करून करून यांची नजर तशी बनली होती. जनावर म्हटलं की आधी पाय, मग छाती, मग शिंग, मग चाल. दुधाची गाय घ्यायला गेलेला माणूस बैल घ्यायच्या नजरेने गाय घेऊन आला होता. कासेकडे त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं. कास लहानशीच होती. यांनाही ते कळलं असावं, कारण हे लगेच दावं बांधायला गेले.

फाल्गुनात गाय व्याली. गोऱ्हा झाला. खानदेशात घरी गोऱ्हा झाला की सासरे गूळ वाटायचे, कारण तो पुढे बैल होणार. इथे आक्का आली, बघितलं आणि म्हणाली, "गोऱ्हा व्हयना. व्हयनं मंग." म्हणजे झालंच सगळं. गोऱ्ह्याचं अंग पांढुरकं आणि डोकं तांबूस होतं. तेही तिला आवडलं नाही. म्हणाली, अर्धवट रंगाचं जनावर कोणी घेत नाही.

गाय दोन्ही वेळचं मिळून चार लिटर द्यायची. म्हशीवाल्यांच्या पुढे ते काहीच नव्हतं. दूध दाट होतं, एकदा घेतलेली बाई परत यायची, पण चार लिटरमध्ये किती बाया येणार? त्यातून सरकी पेंड, भुसा आणि उसाचं वाढं आणायचं. उरलेले महिन्याला सत्तर-ऐंशी रुपये मी आक्काला नेऊन द्यायचे. ती मोजून घ्यायची आणि डब्यात टाकायची. एखाद्या महिन्यात काहीच उरायचं नाही. त्या महिन्यात मी तिच्या गल्लीत जायचीच नाही.

तिचं म्हणणं एकच होतं. गोऱ्हा सोडून द्या. दोन सडांचं दूध तो पितो, तेच माझे पैसे आहेत. तबेलेवाले तसंच करतात, रस्त्यावर सोडतात नाहीतर पांजरापोळात देतात. तिचं चुकत नव्हतं. पण गोऱ्ह्याने तोंड लावल्याशिवाय गाय पान्हा सोडायची नाही. एकदा आक्काने स्वतः बसून बघितलं. गोऱ्ह्याला लांब बांधलं, ओचा खोचला, भांडं धरलं. गायीने चार धारा दिल्या आणि दूध वर ओढून घेतलं. मग मान वळवून शांतपणे आक्काकडे बघत राहिली.

"कशी देखस देख मन्हाकडे," आक्का म्हणाली, "सासू देखस तशी." आणि स्वतःच हसली. त्या दिवशी पहिल्यांदा मीही तिच्यासमोर हसले.

गोऱ्ह्याचं तांबूस डोकं सहा-सात महिन्यांत आईसारखं करडं झालं. तो मोठा होत गेला, आणि दूध तुटल्यावर नुसता खाणारा झाला. गाय पुन्हा व्याली, तेव्हा कालवड झाली, पण ती दुधाला येईपर्यंत तीन वर्षं जाणार. अडीच वर्षांत आक्काचे दोन हजार फिटले होते. तीन हजार बाकी होते. आणि त्याच पावसाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. दिवाळीनंतरची तारीख धरली. आक्काने पैशांचं नाव काढलं नाही. नुसतं "ठरनं" एवढं सांगून गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मी यांना म्हटलं, गाय विकू. हे म्हणाले, भर दुधात विकली तर दिवाळीनंतर खायचं काय?

श्रावणातल्या अमावस्येला पोळा आला. सुरतेत पोळा कोण करतं? पण यांनी अर्धी पाळी सोडली, गोऱ्ह्याला कॅनालवर नेऊन धुतलं, शिंगांना गेरू लावला, माझ्या जुन्या लाल साडीची झूल केली. मी पुरण घातलं. आक्का दारात येऊन उभी राहिली.

"ना नांगर, ना गाडं, अन् पोया करी ऱ्हायनात!"

"बैल तं शे," हे म्हणाले, आणि गोऱ्ह्याला घेऊन कॅनालच्या रस्त्याने निघाले. मी ताट घेऊन मागे. पोरं मागून ओरडत होती. मला लाजेने मान वर करता येत नव्हती.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारा शेतकरी उसाचं वाढं विकायला बसायचा. आम्ही त्याच्याकडूनच घ्यायचो. त्याने त्या दिवशी आम्हाला थांबवलं नाही, नुसतं बघत राहिला. आम्ही पुढे गेल्यावर तो उठून रस्त्यात आला आणि चिखलातले ठसे वाकून बघू लागला, एवढं मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला. हे खात्यात गेले होते. मी शेण काढत होते. मी पदर ओढला आणि उभी राहिले.

तो गुजरातीत सांगू लागला. त्याच्या जोडीतला एक बैल पावसाच्या सुरुवातीला गेला होता. उरलेला कांकरेजी होता, अशाच रंगाचा, अशाच शिंगांचा. ऊस कारखान्यात न्यायचे दिवस जवळ आले होते आणि जोड मिळत नव्हती. "बेन, एनी सवाई चाल छे," तो म्हणाला. पुढच्या खुराच्या ठशापलीकडे मागचा खूर पडतो, ती सवाई चाल. असा बैल गाडीला जुंपला की थकत नाही. मग म्हणाला, "बे हजार आपुं." दोन हजार देतो.

मला म्हणायचं होतं की हे संध्याकाळी येतील, तेव्हा बोला. पण शब्द फुटेना. मी खाली बघत राहिले.

त्याला वाटलं मला कमी वाटतंय. "सारु. अढी." बरं, अडीच.

मी घाबरले. गुजरातीत काय बोलावं तेच आठवेना. हातातलं फावडं तसंच धरून उभी होते.

"बहु पाकां छो, बेन," तो म्हणाला. म्हणजे फार पक्क्या आहात. गोऱ्ह्याजवळ जाऊन त्याने खुरावरून हात फिरवला, वशिंड दाबलं, दात बघितले. यांनी त्या दिवशी रबाऱ्याच्या तळावर काय काय केलं असेल, ते मला तेव्हा दिसलं.

"त्रण."

तीन हजार. तेवढेच हवे होते. ते ऐकून माझा होता तोही आवाज गेला.

तो कपाळावर हात मारून म्हणाला, "साडा त्रण. हवे तो बोलो!" साडेतीन, आता तरी बोला.

"हा," मी म्हटलं. आयुष्यात मी तेवढाच सौदा केला.

त्याने दोनशे रुपये इसार दिला आणि संध्याकाळी हे आल्यावर बाकीचे मोजून दिले. भाव ऐकून यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोणी दुसरीच बाई आहे. "काय बोलनी तू त्याले?" मी म्हटलं, काहीच नाही. त्यांना ते खरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. गोऱ्हा जाताना गाय हंबरली नाही. तिला आता कालवड होती. डोळे यांचेच भरले. मला खोटं कशाला लिहायचं, मला रडू आलं नाही. छातीवरचा दगड कोणी हलकेच उचलून ठेवावा तसं झालं.

पाचशे आम्ही पेंडीसाठी ठेवले. तीन हजार पदराच्या टोकाला बांधून मी लगेच आक्काकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी गाठ सोडून नोटा तिच्यापुढे ठेवल्या. तिने बोट ओलं करून मोजल्या, मग मुलीला हाक मारून तिच्याकडून पुन्हा मोजून घेतल्या. मुलगी मोजत असताना आक्का तिच्याकडेच बघत होती.

"पुरा शेतस," ती मला म्हणाली. "पाच हजार. आते तुन्हावर मन्हं काही नही."

तिने नोटा डब्यात ठेवल्या आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.