बंदुकीच्या नळीतली काच

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि पुस्तकं वाचणाऱ्यांनी माझं वाचावं असं माझ्याकडे काय आहे, हे मला अजून नीट ठाऊक नाही. त्यात विषय एका खेळण्याचा. पण गेल्या हिवाळ्यात मी इतका घाबरलो होतो की त्या खेळण्याशिवाय दुसरा कसलाच विचार करवत नव्हता. म्हणून त्याचंच लिहितो.

खर्ड्याजवळच्या आमच्या गावातून आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. एका वर्षी परत येताना वडिलांनी श्रीरामपूरच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. मूळ यंत्र जपानी. आमचं म्हणजे त्याची स्वस्तातली नक्कल, तीही कुणाची तरी वापरलेली. खोक्यातल्या थर्माकोलात प्रत्येक वस्तूसाठी खाच होती. त्यातली एक बंदुकीच्या आकाराची होती आणि रिकामी होती. गन वेगळी मिळते, असं विकणारा म्हणाला होता. माझी मोठी बहीण, म्हणजे आक्का, त्या रिकाम्या खाचेत बोटं फिरवत बसायची. पुढच्या हंगामाहून वडील गन घेऊन आले. नारिंगी रंगाची, दुसऱ्याच कुठल्या तरी खोक्यातली. खाचेत ती बसली नाही, पण वायर जोडल्यावर चालली.

टीव्हीवर पाखरं उडायची. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि पाखरू खाली पडायचं. गनमधून काहीतरी सुटतं, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. आई चुलीपासून ओरडायची, "टीव्हीच्या काचंला भोक पडंल, तवा कळंल!" त्या काळ्या क्षणाची मला फार भीती वाटे. आता उजेड परत येणारच नाही, असं वाटायचं. आक्का मात्र डावा डोळा मिटून, उजवा नळीच्या रेषेत धरून निवांत मारायची. तिचं पाखरू सहसा चुकत नसे. माझं चुकलं की म्हणायची, "आरं, पाखरू तिकडं हाय. तू काय गोठ्यातल्या म्हशीला मारतूस व्हय?"

पुढे तिचं लग्न झालं आणि ती दाजींबरोबर ऊसतोडीला जायला लागली. मी नगरला बीएस्सीला आलो.

गेल्या हंगामात श्रीगोंद्याकडच्या एका फडात उसाचं पातं तिच्या उजव्या डोळ्याला लागलं. पात्याची कड करवतीसारखी असते, आणि तोडणाऱ्यांना हे नवीन नाही. त्यांच्या कोप्यांवरच्या, म्हणजे तोडणाऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांतल्या, एका म्हातारीनं रीतीप्रमाणे जिभेच्या शेंड्यानं डोळ्यातला कचरा काढला. मग दुकानातून कसले तरी थेंब आणले. लाली उतरली, ठणका कमी झाला, म्हणून आक्का पुन्हा फडात गेली. मग डोळा परत सुजला.

"मधी पांढरं आलंय," ती फोनवर म्हणाली. "दुधावर साय धरती ना, तसं. लई काय न्हाई."

तिचं 'लई काय न्हाई' मला माहीत होतं. दोन बोटं कोयत्याखाली आली होती तेव्हाही ती तेच म्हणाली होती.

दाजींनी तिला पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथून त्यांचा फोन आला. "बुरशी धरलीय म्हनत्यात. औषधानं हटली तर ठीक. न्हाईतर डोळाच काढावा लागंल."

मी निघतो म्हणालो. त्यांच्या हातातून फोन घेत आक्का म्हणाली, "तुजी प्रॅक्टिकल हायत न्हवं? ती सोडून आलास तर तुजं तोंड बघनार न्हाई. एका डोळ्यानं बी न्हाई."

मी थांबलो. डोळ्यातल्या बुरशीबद्दल मोबाईलवर शोधायचं धाडस होईना. शब्द टाइप करायचो आणि पुसून टाकायचो. मग त्याऐवजी गनबद्दल शोधायला लागलो. जुन्या जपानी गेमचे शौकीन जगभर आहेत, हे मला तेव्हा कळलं. एकाच्या व्हिडिओत आमच्या गनची अस्सल बहीण टेबलावर ठेवलेली होती. ती बघून हॉस्टेलच्या खोलीत मला आमच्या चुलीच्या धुराचा वास आला. बरं वाटलं. त्या माणसानं स्क्रू काढून गन उघडली.

नळीत एक छोटी काच होती, भिंगाची. तिच्यामागं उजेड ओळखणारा एक बारीक भाग. गनमधून काहीच सुटत नाही, असं तो सांगत होता. पडदा काळा होतो, पाखराच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि गन तो बघते. ती मारत नाही, बघते. मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. एरवी मला हे फार आवडलं असतं. पण मी डोळ्यापासून पळून इथं आलो होतो, आणि इथंही डोळाच निघाला.

पुढं त्यानं ती काच उजेडात धरली. तिच्यावर पांढुरकी जाळी होती. ओलीत राहिली की भिंगाला बुरशी लागते, तो म्हणाला. आणि कापसाचा बोळा घेऊन त्यानं ती पुसली. काच लख्ख झाली. इतकं सोपं. मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून बघत राहिलो. पुसली जाते, पुसली जाते, असं मनात म्हणत होतो. माणसाचा डोळा स्क्रू काढून पुसता येत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही.

नंतर दाजींचा फोन लागेना. बंद, मग रेंजबाहेर, मग पुन्हा बंद. गावाकडे आईलाही काही कळलं नव्हतं. प्रॅक्टिकलला मी रेझिस्टन्सची किंमत चुकीची वाचली. सरांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणालो, "बरा आहे सर," आणि मला आणखीच भीती वाटली, कारण माझा आवाज अगदी आक्कासारखा आला होता.

दुपारी मेसमध्ये ताट घेऊन उभा असताना फोन वाजला. आक्काच होती.

"डोळा काढायचा न्हाई म्हनले डॉक्टर. बुरशी थांबली."

मी खाली बसलो. "दिसतंय का पण?"

"हात हाललेला कळतोय," ती म्हणाली. "बोटं न्हाई कळत. डॉक्टरनं धरून इचारलं, किती हायत. मी आपलं अंदाजानं दोन म्हनले."

"मग?"

"चार हुती म्हनं."