सात गल्ल्या आणि एक न उघडलेला मसुदा

१ ऑक्टोबर २०१९, मंगळवार. ‘सात गल्ल्या’ या ब्लॉगच्या पहिल्या पानाची या तारखेची प्रत इंटरनेटवरील एका संग्रहात जतन झाली आहे. तिच्या तळाशी वाचकांच्या भेटींचा आकडा दिसतो : ४१,३०७. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ब्लॉग उरला नव्हता.

ब्लॉग चालवणारे गृहस्थ निवृत्त पोस्टमन. सगळे त्यांना पोस्टमनकाका म्हणत. चौतीस वर्षे त्यांनी त्याच सात गल्ल्यांत टपाल वाटले होते. कोणाच्या दाराची घंटा वाजत नाही आणि कोणत्या जिन्याची कितवी पायरी हलते, हे त्यांना झोपेतही सांगता आले असते. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात ते घरात अशा येरझारा घालू लागले की काकू वैतागल्या. त्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या आणि वर्षभर आधीच निवृत्त झाल्या होत्या.

“अहो, फरशी झिजेल! डोक्यात एवढ्या गल्ल्या भरून ठेवल्यात, त्या बोला एकदाच्या. मी टाइप करते.”

अशी २००८ मध्ये सुरुवात झाली. ब्लॉगचे खाते काकूंच्या नावावर, त्याला जोडलेली मेलपेटीही त्यांचीच. काका सकाळी खिशात डायरी घालून फिरत, दुपारी नोंदी सांगत आणि काकू त्या टंकत. पाणी कधी जाणार, कात्रीला धार कोण लावतो, सापडलेल्या किल्ल्या कोणाकडे आहेत, कोण वारले. कारागिरांची यादी मात्र काकांनी टपाल वाटण्याच्या क्रमाने लावायला लावली : पहिल्या गल्लीच्या तोंडाशी चष्मेवाला, मग कुलुपे दुरुस्त करणारा, अशी थेट सातवीच्या टोकापर्यंत.

“अहो, लोक पायांनी शोधत नाहीत, गरजेने शोधतात,” काकू म्हणत.

“अगं, यादी वाचताना गल्ली डोळ्यांसमोर उभी राहिली पाहिजे.”

बाहेरच्या माणसाला त्या यादीत काही म्हणता काही सापडत नसे. गल्लीतल्याला डोळे मिटून सापडे. चौथ्या गल्लीतला शिंपी दुकानाला टाळे लावायच्या बेतात होता. त्याची नोंद आली, खाली काकूंनी ‘जुना कोट नवा करून मिळेल’ असे आपल्या मनाने जोडले, आणि महिनाभरात त्याच्याकडे कोटांची रास लागली. त्याने ते पान छापून दुकानाच्या भिंतीवर चिकटवले. चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करणारा एक अबोल माणूस सहाव्या गल्लीच्या तळघरात राहतो, हे तर शेजाऱ्यांनाही त्या पानावरूनच कळले.

काकांची एक सवय होती. नोंद ब्लॉगवर चढली की डायरीतले पान फाडून टाकायचे. टपाल पोचले की पिशवी रिकामी. ओझे बाळगायचे नाही.

२०१६ च्या हिवाळ्यात काकू गेल्या. काका एका बोटाने टंकायला शिकले. संगणकावर काकूंचे खाते उघडेच राहिलेले होते, त्यामुळे काम अडले नाही. दोन गोष्टी मात्र रोज दिसत. पडद्याच्या कोपऱ्यात पाकिटाचे चित्र आणि त्यावर न वाचलेल्या मेलांचा आकडा. आणि नोंदींच्या यादीत सर्वांत वर, काकूंना दवाखान्यात नेण्याच्या तीन दिवस आधीच्या तारखेची एक ओळ : ‘मसुदा. शीर्षक नाही.’

एकदा शिंपी चहाला आला आणि त्याची नजर कोपऱ्याकडे गेली.

“काका, पाकिटावर दोनशे बारा झाले की! माणसाचं वजन असं वाढलं तर आपण डॉक्टर गाठतो.”

“तिच्या नावाची पत्रं आहेत ती.”

“पण काकू आता थोड्याच वाचणार आहेत?”

“म्हणून मी फोडायची? चौतीस वर्षांत दुसऱ्याचं पाकीट फोडलं नाही. माणूस गेला असेल तर वर तसा शेरा मारायचा आणि पत्र आलं तिकडे परत पाठवायचं. नियम आहे.”

“मग मारा शेरा, पाठवा परत.”

“कुठे पाठवू? आलं कुठून ते उघडल्याशिवाय दिसत नाही.”

शिंपी हसून हसून बेजार झाला. काकाही हसले. त्या हसण्यातच विषय बुडाला.

२ ऑक्टोबरच्या सकाळी पडद्यावर एकच ओळ होती : ‘ही सेवा बंद करण्यात आली आहे.’ काकांना वाटले, तार सुटली. त्यांनी तारा काढून पुन्हा लावल्या. मग ते शिंप्याच्या दुकानात गेले. त्याच्या फोनवरही तीच ओळ.

“संध्याकाळपर्यंत येईल हो,” शिंपी म्हणाला. ते दोघांनाही खरे वाटले नाही.

शनिवारी लेक दुसऱ्या शहरातून आली. तिने आईची मेलपेटी उघडली, तेव्हा काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“बाबा, पाच वेळा कळवलंय त्यांनी. पहिलं मार्चमध्ये. सेवा बंद होतेय, आपलं लेखन उतरवून घ्या. एक बटण होतं, बाबा. एकच बटण दाबायचं होतं.”

ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

“निदान मला तरी सांगायचं ना, मेल येतायत म्हणून!”

“तुझ्याही नावाची नव्हती ती,” काका म्हणाले.

लेकीने ब्लॉगची सेवा चालवणाऱ्या कंपनीला तीन पत्रे पाठवली. एकाचे उत्तर आले : सर्व मजकूर पुसला गेला आहे, तो परत मिळणे शक्य नाही. इंटरनेटवरील संग्रहात शोधल्यावर पहिले पान आणि आणखी आठ पाने मिळाली. बाकीच्या प्रत्येक दुव्यामागे कोरा पांढरा पडदा. कारागिरांच्या यादीतल्या दोनच गल्ल्या शाबूत राहिल्या. चौथी आणि सहावी त्यांत नव्हत्या. डायरीत कोरी पाने आणि फाडलेल्या पानांचे बुडखे.

लोक भेटायला आले, हळहळले आणि महिन्याभरात त्यांनी फोनवर एक गट काढला. त्यात पाणी जाण्याची बातमी येते, तिच्यावर शंभर शुभेच्छा येऊन पडतात, आणि चार दिवसांपूर्वीचे काही कोणाला सापडत नाही. एका बाईने चाकांची खुर्ची दुरुस्त करणाऱ्याचा नंबर तिथे तीनदा विचारला. शेवटी ती काकांच्या दारात आली. काका तिला सहाव्या गल्लीत घेऊन गेले. तळघराला कुलूप होते. तो माणूस केव्हा गेला आणि कुठे, हे शेजारी सांगू शकले नाहीत. त्याची नोंद एकाच ठिकाणी होती.

“मीच बुडवला त्याला,” परतताना काका म्हणाले. बाईला ते कळले नाही. तिने त्यांचे आभार मानले.

पुढे शिंप्याने दुकान कायमचे बंद केले तेव्हा भिंतीवरचे पान सोडवायचा प्रयत्न केला. डिंक पक्का होता. तुकडे झाले. ते त्याने पाकिटात घालून काकांना आणून दिले. पाकिटावर काकांचे नाव होते. काकांनी ते फोडले.

नऊ पाने आणि ते पाकीट, एवढेच आज हाती आहे. ब्लॉगवर एकूण नोंदी किती होत्या, हे माहीत नाही. चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करणारा कुठे आहे, हे माहीत नाही. मसुद्यात काय होते, तो कोणासाठी होता, त्यात मुळात एक तरी अक्षर होते का, हेही माहीत नाही. काकांनी तो कधीच उघडला नव्हता, असे ते सांगतात. तो उघडला असता, तर ते दुसऱ्याचे पत्र ठरले असते की स्वतःचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नाही.