बोकडाची घंटी आणि करीममास्तर

सन चव्वेचाळीस. मी एकोणीस वर्षांचा, शाळा दुसरीपातुर. पण माझ्यासारखा शेळ्यांचा कळप अख्ख्या वसमत गावात कुणाचा नव्हता. त्याच साली करीममास्तरांशी दोस्ती जमली. गेल्या महिन्यात ते गेले... नव्वदी ओलांडून, झोपेत. बातमी ऐकली तेव्हा रडू यायच्या आधी हसूच आलं. काहून, ते सांगतो.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. लांबच्या कुरुंदा गावाहून तीन पोरं सायकलींवर शाळेला यायची. त्यातल्या एकानं मैदानात पाणक्याला धडक दिली, घागर फुटली, आणि हेडमास्तरांनी फर्मावलं, शाळेत सायकल बंद. सायकल बंद म्हणजे त्या पोरांची शाळाच बंद. रोज एवढी वाट पायी कोण तुडवणार? मास्तर अडून बसले. आठ दिवस मागून घेतले आणि स्वतःच्या सायकलीवर पोरांना कायदा शिकवला. फाटकात उतरायचं, वळताना हात दाखवायचा, माणूस दिसला की घंटी. पण मास्तरांच्याच सायकलीची घंटी मोडलेली, आणि लढाईमुळं नवी मिळेना.

"माझ्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यातली घ्या," मी म्हणालो. "पार माळापल्याड ऐकू जाते."

"बोकड रुसंल की रे, गणपा."

"रुसू द्या. तकलीफ त्याला, तुमाला काय?"

आठ दिवसांनी सायकलीच्या परीक्षेला हेडमास्तर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. मास्तर निघाले, घंटी वाजली... आणि बाजूच्या माळावरचा माझा सगळा कळप त्या आवाजामागं मैदानात शिरला. घंटीमागं चालायचं, जन्मापासून त्यांना तेवढंच ठाऊक. मी हाका मारून राहिलो, पण कोण ऐकतंय? मास्तर बिचकले न्हाईत. खाली उतरले, सायकल हातात धरून सावकाश चालू लागले. मागं कळप. एका शेळीलाही धक्का न्हाई.

"ये किसकी बरात है?" हेडमास्तरांनी विचारलं.

"साहेब, पोरांच्या आधी ह्याच शिकल्या," मास्तर म्हणाले.

हेडमास्तर पोट धरून हसले. मग तिन्ही पोरांना चालवायला लावलं. पोरं फाटकात बराबर उतरली. सायकली राहिल्या, पोरांची शाळा राहिली.

लोक अजून म्हणतात, गणपाचं चुकलं. मी म्हणतो, घंटी चांगली होती. मास्तरांनी ती कधी परत दिली न्हाई, मीही मागितली न्हाई.

मास्तरांना माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची लेक म्हणाली, "काका, अब्बांची सायकल शाळेला देऊन येते." ती सायकल हातात धरून निघाली. खड्ड्यात चाक गेलं, तीच बोकडाची घंटी वाजली... मी काठी उचलली आणि मागं चालू लागलो.