तिसऱ्यांदा विचारल्यावर

आर्डिस लुंडीन कराटे शिकली ती एका केकच्या भांड्यापायी. चर्चच्या तळघरात विसरलेलं आपलं भांडं आणायला ती गेली, तर त्यात दुसऱ्याच कुणीतरी केक करून ठेवलेला. आता मागायचं कसं? तेवढ्यात पलीकडे कराटेचा वर्ग घेणाऱ्या लोवेलनं हाक मारली. एरवी तो शाळेची बस चालवायचा.

"या की आर्डिसबाई, आमच्यात."

"नको नको."

"अहो, या."

"छे, माझं वय काय!"

"या हो, जागा आहे."

संपलं. मिनेसोटात दोनदा 'नको' म्हणणं ही रीत, तिसऱ्यांदा म्हणणं हा उर्मटपणा. पोस्टातून निवृत्त झालेली, कुरकुरत्या गुडघ्यांची आर्डिस कोट काढून रांगेत उभी राहिली. भांडं राहिलं ते राहिलंच.

ठोसे तिला जमले. ओरडणं तर असं जमलं की वर गाणाऱ्या मंडळींचे सूर चुकू लागले. जमेना ते फक्त ऑरिनसमोर उभं राहणं. ऑरिन रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा, आणि तो दारात उभा राहिला की दार दिसेनासं व्हायचं. हिरवा पट्टा हवा तर त्याच्याशी एक फेरी खेळा, असा नियम होता, कारण वर्गात बाकी सगळी शाळकरी मुलंच होती. एकदा ऐन वेळी आर्डिसला घरची इस्त्री चालू असल्याचं आठवलं. पुढच्या खेपेला ती कपाटामागे सापडली.

"आज पळालात तर सोमवारपासून चिमुरड्यांच्या वर्गात," लोवेल म्हणाला. "तिथे मधल्या सुट्टीत सरबत मिळतं."

दुधाचे दात पडणाऱ्या पोरांबरोबर सरबत! आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ऑरिनसमोर उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे त्याची छाती होती आणि त्यापलीकडे काही नव्हतं.

ऑरिननं हात खाली केले. "मारा."

"नको, आधी तू."

"अहो, तुम्ही मोठ्या. मारा ना."

"नको रे, मला काही घाई नाही."

लोवेलनं खुर्ची ओढून घेतली. याच तळघरात मागे दोन म्हातारे दारात 'आधी तुम्ही' करत राहिले होते आणि अख्ख्या गावाचं जेवण थंड झालं होतं.

मग आर्डिसला दिसलं, ऑरिनच्या हनुवटीवरून घाम टपकत होता.

"तुला रे काय झालं?"

"भीती वाटते हो. तुमचं काही मोडलं तर? लहानपणापासून तुमच्या हातून टपाल घेतलंय मी."

आर्डिसचं डोकंच फिरलं. इतके दिवस घाबरायचं हिनं, झोप उडायची हिची, आणि घाम फुटायचा याला?

"मारा हो एकदाच्या!" ऑरिन काकुळतीला आला.

हे तिसऱ्यांदा झालं. 'नको' अगदी ओठांवर आलं होतं, पण जन्मभराचं वळण आडवं आलं. मूठ आपोआप सुटली आणि त्याच्या पोटात बसली. ऑरिन मटकन खाली बसला, आणि बसता बसता "माफ करा" म्हणाला.

"अगं बाई, माफ कर रे!" आर्डिस म्हणाली. "ऊठ. फेरी संपली नाहीये अजून."

फेरी संपल्यावर लोवेल म्हणाला, "वाईट नव्हतं." एवढं कौतुक त्या गावात लग्नातसुद्धा कुणी कुणाचं केलं नव्हतं.

कॉफीबरोबर एका भांड्यात लिंबाच्या वड्या होत्या. शेवटची एक उरली. तिथे शेवटची वडी कुणी खात नाही. तिची अर्धी करतात, मग अर्धीची अर्धी, आणि उरलेला कणही झाकून ठेवतात. ऑरिननं सुरी उचलली.

"ठेव ती खाली," आर्डिस म्हणाली.

तिला कुणी विचारलं नव्हतं, एकदासुद्धा. तिनं ती वडी उचलली आणि सगळ्यांच्या देखत अख्खी खाल्ली. मग तिनं रिकामं भांडं उलटं करून बघितलं. तळाला तिच्या नावाची चिकटपट्टी होती. ते काखेत मारून ती घरी गेली.