कंपाउंडर आणि सतरावा अंक

कंपाउंडर कुणाच्याही हातून चित्रकथेचा जुना अंक घेतला की आधी उघडत नसत, वास घेत. डोळे मिटून, नाकाशी धरून, औषधाची बाटली हुंगावी तसा. मग सांगत, "हा जेऊरचा. स्टेशनातल्या कोळशाचा वास येतोय." नाहीतर, "हा इथलाच. कुणा विणकराच्या घरातला. खळीचा वास हाय." त्यानंतर ते अंक उजेडात धरून पिना बघत. पिना गंजलेल्या असल्या तर त्यांचा चेहरा जरा सैल पडे. चकचकीत असल्या तर अंक घेऊन येणाऱ्याची खैर नसे. "अंक जुना आन् पिन नवी. मधी कुणाचा हात लागलाय?" असं ते विचारत, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याकडे बघत राहत.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका दवाखान्यात ते औषधं द्यायचे. पेठेत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. घरात कानडी बोलत, बाहेर आमच्यासारखीच मराठी. अंगानं बारीक, डोक्यावर पांढरी टोपी, आणि कपाळावरचं भस्म दुपारपर्यंत पुसट झालेलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठीसुद्धा ते दोनदा वाचत, आणि शंका आली की आत जाऊन विचारून येत. डॉक्टर वैतागत, पण त्यांना काढून टाकत नसत. चुकीचं औषध त्या खिडकीतून कधी कुणाला गेलं नाही.

मी जवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. वय सव्वीस, लग्न झालेलं नाही, राहायला भावाकडे. वर्गात एका मुलानं गणिताच्या पुस्तकात लपवलेला एक चित्रकथेचा अंक मी जप्त केला, आणि वडिलांना घेऊन आलास की देईन म्हणून पिशवीत टाकला. वडील आले नाहीत. अंक मी घरी वाचला. 'दर्यासेन' नावाच्या खलाशाची ती गोष्ट होती. पुण्यातल्या एका लहान छापखान्यातून दर पंधरवड्याला निघायची आणि दोनेक वर्षांत बंदही पडली होती. माझ्या हाती आला तो नववा अंक. दहावा कुठं मिळेल, हे विचारत मी रद्दीची दुकानं फिरू लागले, आणि प्रत्येक दुकानात एकच उत्तर मिळालं. कंपाउंडर घेऊन गेले.

पुढं तापाचं निमित्त होऊन दवाखान्यात गेले तेव्हा माझ्या पिशवीतून डोकावणारा अंक त्यांना दिसला. त्यांनी औषध दिलं, दिवसातून तीन वेळा म्हणून सांगितलं आणि हळूच विचारलं, "बाई, हा मुलांचा अंक तुमच्याकडं कसा?" मी खरं ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. कुणीतरी मला त्यांच्यावर पाळत ठेवायला पाठवलंय, असं त्यांना पुढचं वर्षभर वाटत होतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तरीही ते मला अंक वाचायला देऊ लागले. अट एवढीच की दवाखान्याच्या बाकावर, त्यांच्या नजरेसमोर, हात धुऊन वाचायचं.

त्यांच्याकडे सगळे अंक होते. नव्हता तो फक्त सतरावा. त्या पंधरवड्यात छापखान्यात म्हणे काहीतरी भांडण झालं आणि मोजक्याच प्रती बाहेर पडल्या. सोळाव्या अंकाच्या शेवटी दर्यासेनला बुडत्या जहाजाच्या डोलकाठीला बांधलेलं आहे आणि पाणी छातीपर्यंत आलंय. अठराव्यात तो किनाऱ्यावर बसून कुणाशी तरी बोलतोय. मध्ये काय झालं, हे सोलापुरात कुणालाच माहीत नव्हतं. कंपाउंडरांचा एक ठाम संशय होता. जहाजावर एक आचारी होता, प्रत्येक अंकात कुठल्यातरी कोपऱ्यात उभा. "दोर त्यानंच बांधला असणार," ते म्हणत. "जो माणूस सगळीकडं असतोय आन् काही बोलत न्हाय, त्याच्यावर नजर ठेवावी." हे सांगताना ते माझ्याकडेही बघत, असं मला वाटे.

त्या आषाढात माझ्या शाळेतल्या वैरागच्या एका शिक्षिकेनं सहज सांगितलं की त्यांच्या शेजारी एका म्हाताऱ्या आडत्याच्या माळ्यावर मुलांच्या वेळचे चित्रांचे अंक पडून आहेत, त्यात कुणी खलाशी आहे. मी रात्र कशीबशी काढली. कंपाउंडरांना सांगावं का, हा प्रश्न मनात आला आणि मी तो बाजूला सारला. त्यांनी मला सांगितलं असतं का? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसले असताना कुणालातरी मी रविवारच्या वैरागच्या गाड्या विचारल्या, तेवढीच चूक झाली. खिडकीतून कंपाउंडरांनी विचारलं की वैरागला काय आहे. मी म्हटलं, मैत्रिणीचं लग्न. त्यांनी बाटलीला बूच लावलं आणि शांतपणे म्हणाले, "आषाढात?"

रविवारी मी वैरागला उतरले, पत्ता विचारत आडत्यांच्या घरी गेले. मी विचारल्यावर म्हातारबाबांनी माळ्यावरून ट्रंक खाली काढून घेतली. ती उघडली आणि वरून चौथाच अंक सतरावा निघाला. मी तो उचलला तेवढ्यात दारात सावली पडली. काळी छत्री, पांढरी टोपी. कंपाउंडर माझ्या आधीच्या गाडीनं येऊन स्टँडवरच्या चहाच्या टपरीआड बसले होते आणि माझ्या मागून चालत आले होते. "ह्या बाजूनं चाललो होतो," ते म्हणाले. मला लाज वाटत होती, आणि रागही आला होता, आणि दोन्हीतलं जास्त काय ते कळत नव्हतं.

म्हातारबाबांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. दोघं एकाच कामाला आलोत, एकमेकांना ओळखतो आणि तरी वेगवेगळे आलोत, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. पैशाचं आम्ही विचारलं तर त्यांनी हात झटकला. म्हणाले, "पोरं पुण्याला ग्येली, आता हे वाचतंय कोण हितं? न्हेवा. पर भांडान माझ्या घरात नगं. सा म्हैनं हिच्याकडं ठिवा, सा म्हैनं तुमच्याकडं. बाई आधी आली, आधी तिच्याकडं." असा निवाडा झाला. दसऱ्याला मी अंक कंपाउंडरांना द्यायचा, गुढीपाडव्याला त्यांनी मला.

येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो, कारण अंक एकच होता. तो माझ्या मांडीवर आणि त्याचा एक कोपरा त्यांच्या चिमटीत. गाडी खड्ड्यांतून जात होती आणि आम्ही एकेक चौकट वाचत होतो. सातव्या पानावर पाणी दर्यासेनच्या गळ्याशी येतं. आठव्यावर एक हात सुरीनं दोर कापतो. नवव्यावर तो हात कुणाचा ते दिसतं. आचाऱ्याचा. तो स्वतः मात्र वर येत नाही, जहाजाबरोबर जातो. कंपाउंडरांनी ते पान पुन्हा मागं उलटलं, पुन्हा पुढं आणलं. मग खिडकीबाहेर बघत बसले. तिकडंच बघत म्हणाले, "इतकी वर्षं मी त्याला चोर समजत होतो की, बाई."

याचा अर्थ ते बदलले असा नाही. स्टँडवर उतरल्याबरोबर त्यांनी मला माझ्या कपाटाला कुलूप आहे का, घरात उंदीर आहेत का, भावाची मुलं केवढी आहेत, हे सगळं विचारून घेतलं. दसऱ्याला अंक हाती घेतला तेव्हा पानं मोजली. अंक बदलला जाऊ नये म्हणून मी नवव्या पानाच्या तळाशी पेन्सिलनं एक बारीक टिंब दिलं होतं. पाडव्याला अंक परत आला तेव्हा ते टिंब होतंच, आणि अकराव्या पानावर दुसरं एक टिंब होतं, ते माझं नव्हतं. त्याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

बोलले ते पेठेतले लोक. वर्षातून दोनदा कंपाउंडर आणि शाळेतली बिनलग्नाची बाई वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं एकमेकांना देतात, हे नजरेतून सुटण्यासारखं नव्हतं. माझी वहिनी पिशव्या तपासू लागली. एक दिवस कंपाउंडरांची बायको, गौरव्वा, मधल्या सुट्टीत सरळ माझ्या वर्गात आली आणि विचारलं, "त्या पुडक्यात काय असतंय?" सुदैवानं अंक तेव्हा माझ्याकडे होता आणि चिकटपट्टी लावायला मी तो शाळेत आणला होता. मी तिच्यापुढं उघडून ठेवला. तिला मराठी वाचता येत नव्हतं. तिनं सगळी पानं बघितली, मग डोलकाठीवर बोट ठेवून विचारलं, ह्याला का बांधलंय? मी पहिल्या अंकापासून सांगायला लागले. घंटा झाली तरी ती उठेना. जाताना म्हणाली, "घरात एवढी पेटी भरून हाय. मला एकदाबी सांगितलं न्हाय त्यांनी." तिचा राग आता वेगळ्या गोष्टीवर होता.

अशी काही वर्षं गेली. मग एका श्रावणात कंपाउंडर दवाखान्याच्या खिडकीत दिसेनासे झाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पोटात गाठ आहे, फार दिवस नाहीत, घरी गौरव्वाला माहीत आहे, त्यांना सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अंक घेऊन त्यांच्या घरी गेले. ते भिंतीला टेकून बसले होते. पुडकं बघून त्यांचे डोळे बारीक झाले.

"आज दसरा हाय का?"

मी म्हटलं, भावानं घराचं रंगकाम काढलंय, सामान इकडंतिकडं पडलंय, अंक खराब होईल, म्हणून आधीच आणला.

ते माझ्याकडे बघत राहिले. दारात गौरव्वा उभी होती, तिच्याकडेही त्यांनी पाहिलं. मग विचारलं, "डॉक्टर काय बोलले तुमाला?"

"काही नाही."

त्यांनी पुडकं उघडलंही नाही. तळव्यानं माझ्याकडे सरकवलं. "माझी पाळी दसऱ्याला. दसऱ्याला आणा. आधी दिलेलं मी घेत न्हाय."

मी ते उचललं आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत गौरव्वा सोबत आली.

नवरात्र बसायच्या आठ दिवस आधी कंपाउंडर गेले. दसऱ्याला जावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं, पण संध्याकाळी पाय तिकडंच वळले. गौरव्वानं पुडकं घेतलं, आतल्या पेटीत ठेवलं आणि मला पाणी दिलं. अंक आता तिथंच राहणार, असं मी धरून चालले होते, आणि ते मला बरोबरही वाटत होतं.

पाडव्याच्या सकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. नव्या वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं तिनं पुढं केलं. मी म्हटलं, गौरव्वा, तो तुमच्याकडंच असू द्या, त्यांची आठवण आहे.

"न्हाय," ती म्हणाली. "तुमची पाळी हाय."

मी हात पुढं केले. वहिनीनं आतून तिला बसायला सांगितलं.